पिकावरचा रोग माणसांचा दुष्काळ कधी होतो?

चोपडा तालुक्यातल्या, कृषी पदवीला शिकणाऱ्या एका मुलाने विचारलं आहे : "आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला आणि दहा लाख माणसं मेली, असं आम्हाला शिकवतात. आमच्याकडे केळीवर दरवर्षी करपा येतो, कपाशी लाल्याने जाते, मामांची बाजरी गोसावी होते (कणसात दाण्यांऐवजी पानंच येतात). नुकसान होतं, कर्ज वाढतं, पण कुणी भुकेने मरत नाही. मग नुसत्या रोगाने दुष्काळ पडतो तरी कसा? आणि आपल्या खान्देशात तो पडू शकतो का?"

भाऊ, प्रश्न नेमका आहे. आधी एक दुरुस्ती करतो. लाल्या हा बुरशीचा किंवा जिवाणूचा रोग नाही. मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडलं, बोंडं भरायच्या वेळी ओल तुटली, रात्री गार पडू लागल्या की कपाशीचं पान लाल होतं. त्यामुळे तो या उत्तरात येणार नाही. बाकी तुम्ही म्हणता ते खरं आहे. रोगाने शेत गेलं म्हणून दुष्काळ पडत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत पीकरोगांचं काम करत माझी नोकरी गेली. त्यातून आणि जुन्या दुष्काळांच्या अभ्यासातून माझं मत असं बनलं आहे, की रोगाचा दुष्काळ पहिल्या वर्षी क्वचितच पडतो, तो दुसऱ्या वर्षी पडतो. आणि ज्याचं शेत गेलं त्याच्याआधी तो, ज्याला शेतच नाही त्याच्या घरात शिरतो. या दोन गोष्टी धरून चाललात तर आयर्लंडही कळेल आणि खान्देशही.

आयर्लंडचंच घ्या. १८४१ च्या शिरगणतीत तिथे सुमारे ८२ लाख लोक होते. त्यातले तीसेक लाख जवळजवळ निव्वळ बटाट्यावर जगत. कष्ट करणारा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, सोबत ताक. हे अन्न वाईट नव्हतं. माणसं धडधाकट होती. अडचण वेगळीच होती. जमीन जमीनदाराची. मजुराला रोकड मजुरी फारशी मिळतच नसे. वर्षभर राबायचं आणि बदल्यात बटाटा लावायला जमिनीचा तुकडा घ्यायचा. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (सालभराचा गडी) ठरतो, त्याला पैशासोबत धान्यही ठरवून दिलं जायचं. सगळा सालच धान्यात, तेही एकाच धान्यात, आणि ते धान्यही त्यानेच पिकवायचं, असं समजा. म्हणजे पीक गेलं की अन्नही गेलं आणि मजुरीही गेली. बाजारात ओट भरलेले असले तरी ते घ्यायला त्याच्या हातात पैसा येणार कुठून?

त्यात वाण एकच, 'लम्पर'. बटाटा कंद कापून लावतात, तुम्ही केळीचा कंद लावता तसाच. त्यामुळे एका शेतातलं झाड आणि पन्नास कोसांवरचं झाड रक्ताने एकच. फायटोप्थोरा इन्फेस्टन्स या रोगकारकाला एका झाडाचं कुलूप उघडलं की देशभरातली सगळी कुलपं उघडली. १८४५ च्या पावसाळी, गार हवेत त्याने तेच केलं. या रोगाचे बीजाणू पानाच्या खालच्या बाजूला धरतात, वाऱ्यावर जातात, ओल्या पानावर पडले की काही तासांत आत शिरतात. आठवडाभरात नवी पिढी तयार होते. आज शिवारात एक पान काळं दिसलं, तर पंधरवड्यात शिवारच काळं होतं आणि जमिनीतला बटाटा सडून त्याची घाण सुटते.

आता वर्षांकडे नीट बघा. १८४५ मध्ये निम्म्याच्या आसपास पीक गेलं. त्या हिवाळ्यात भूकबळी फार झाले नाहीत. लोकांनी डुकरं विकली, अंगावरचे कपडे गहाण टाकले, सरकारने थोडा मका आणला, आणि दिवस निघाले. १८४६ मध्ये जवळजवळ सगळं पीक गेलं. विकायला काही उरलं नव्हतं, म्हणून बियाण्याला ठेवलेले बटाटे शिजवून खाल्ले. १८४७ मध्ये करपा सौम्य होता आणि एकरी उतारा चांगला आला, पण लावण मुळातच थोडी झाली होती. बी पोटात गेलेलं होतं. लोकांच्या आठवणीत सर्वांत काळं वर्ष म्हणून राहिलं ते हेच १८४७. १८४८ मध्ये करपा पुन्हा आला. १८५१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ६५ लाखांच्या घरात आली. दहा लाखांच्या आसपास मेले, तितकेच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेले.

मेले तेही बहुतेक टायफसच्या तापाने आणि हगवणीने. अशक्त माणसं कामाच्या आणि अन्नाच्या शोधात एका जागी गोळा झाली, उवांमधून ताप पसरला. पिकाचा रोग माणसाच्या रोगात असा उतरतो, म्हणून भूकबळींचा आकडा कागदावर नेहमीच कमी दिसतो.

हाच करपा त्याच सुमारास बेल्जियम, हॉलंड, स्कॉटलंडलाही गेला. तिथेही हाल झाले, माणसं दगावली, पण आयर्लंडसारखा संहार कुठे झाला नाही. रोग तोच होता. फरक ताटातला आणि राज्यकर्त्यांतला होता. आयर्लंडच्या बंदरांतून त्या काळातही ओट, लोणी, गुरं इंग्लंडला जात होती. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी अन्नछत्रांतून रोज तीस लाख माणसांना शिजवलेलं अन्न मिळालं, म्हणजे वाटप करता येत होतं. तीच छत्रं शरद ऋतूत बंद केली. हे मला फार लागतं. काय केलं की माणूस वाचतो हे कळल्यावर ते थांबवलं गेलं.

आपल्या देशातलं उदाहरण १९४३ च्या बंगालचं. १९४२ च्या पावसाळ्यात तिथल्या अमन, म्हणजे हिवाळ्यात काढायच्या, भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग आला. हेल्मिंथोस्पोरियम ओरायझी ही त्याची बुरशी. कसदार जमिनीत हा रोग फार त्रास देत नाही. भुकेल्या जमिनीतल्या भातावर तो चढतो. एस. वाय. पद्मनाभन हे १९४३ मध्ये बंगालच्या शेती खात्यात बुरशीशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्यांनी पुढे १९७३ मध्ये संशोधन केंद्रांवरचे उताऱ्याचे आकडे मांडून दाखवलं, की काही वाणांचं पीक निम्म्याहून कितीतरी जास्त बुडालं होतं. त्यावर ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळ झालं. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतल्याने तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीतल्या नावा काढून घेतल्या, त्यात कोळ्यांचं पोट गेलं आणि धान्याची ने-आणही.

अमर्त्य सेन यांनी याच दुष्काळाचा हिशेब मांडला. त्यांचं म्हणणं, १९४३ मध्ये तांदूळ आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून थोडाच कमी होता. खरी पडझड झाली ती गरिबाच्या खरेदीच्या ताकदीची. कोलकात्यात डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये असलेला तांदूळ ऑगस्ट १९४३ मध्ये ३७ रुपयांवर गेला. मजुरी तिथेच राहिली. शेतमजूर, कोळी, कुंभार, न्हावी हे आधी मेले. मृतांचा आकडा २० ते ३० लाखांच्या दरम्यान धरतात. रोगामुळे की महागाईमुळे, हा वाद अभ्यासकांत अजून आहे. मी रोगशास्त्राचा माणूस, तरी माझं मत असं आहे की रोगाने काठावर आणलं आणि भावाने ढकललं. पीक किती बुडालं यापेक्षा पीक बुडणार ही आवई बाजारात किती लवकर पोचली, यावर भाव ठरतो. साठेबाज तर रोगाच्या बातमीचीच वाट बघत असतो.

आता खान्देशाच्या जवळ येऊ. तुमच्या मामांच्या बाजरीची गोष्ट याच साखळीतली आहे, आणि ती फार कमी जणांना माहीत असते.

१९६५ मध्ये बाजरीचा एचबी-१ हा पहिला संकरित वाण आला, मग एचबी-२, एचबी-३. उतारा एवढा चढला की देशभर शेतकऱ्यांनी तो उचलला. या सगळ्या संकरांची मादी, म्हणजे ज्यावर बियाणं धरतात तो वाण, एकच होती, अमेरिकेतून आलेली टिफ्ट २३ ए. तिला गोसावी रोग लवकर लागायचा. मादी एक म्हणजे सगळ्या शिवारांची दुखरी नसही एकच. १९७१ मध्ये गोसावीची मोठी साथ आली आणि एचबी-३ झोपला. देशाचं बाजरीचं उत्पादन १९७०-७१ मध्ये सुमारे ८० लाख टन होतं, ते पुढच्या वर्षी ५३ लाख टनांवर आलं. त्यात पावसाचाही वाटा होता, पण रोगाचा मोठा होता.

हा रोग हाताळलात का कधी? जुलैअखेरीला साक्री किंवा शिंदखेड्याच्या बाजरीत पहाटे जा. दंव पडलेलं असताना पिवळसर पट्टे पडलेलं पान उलटून बघा. खालच्या बाजूला पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसेल. हे बीजाणू मध्यरात्रीनंतर तयार होतात आणि दिवस उगवायच्या सुमारास सुटतात. ऊन चढलं की थर वाळून जातो, दहा वाजता तेच पान उलटलंत तर हाती काही लागत नाही. म्हणून दुपारी येऊन पाहणी करणारा "रोग दिसत नाही" असं लिहून जातो. पुढे कणसात दाण्यांच्या जागी हिरव्या पानांचा झुबका येतो. "भाऊ, कणीसच इनं नही" (कणीसच आलं नाही), असं शेतकरी सांगतो तेव्हा करण्यासारखं काही राहिलेलं नसतं. त्या झाडाची पानं वाळून फाटतात, त्यातले जाड कवचाचे बीजाणू मातीत पडतात आणि तिथे कित्येक वर्षं जिवंत राहतात. पुढच्या पेरणीत कोंबालाच लागण. पहिल्या वर्षाचा रोग दुसऱ्या वर्षासाठी मातीत ठेव ठेवून जातो, ती अशी.

नेमकं एक वर्ष आधी, १९७० मध्ये, अमेरिकेत मक्यावर असंच झालं होतं. तिथल्या संकरित मक्यापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास बियाणं टेक्सास नावाच्या एकाच नरवंध्य (पराग न देणाऱ्या) मादीवर तयार केलेलं होतं. पानावरच्या करप्याची नवी जात आली आणि देशाचा सुमारे १५ टक्के मका गेला. शंभर कोटी डॉलरच्या घरात नुकसान झालं. भुकेने कुणी मेलं नाही. तिथला मका मुख्यतः जनावरांच्या दावणीला जातो आणि माणसांच्या खिशात दुसरं काही घ्यायला पैसा होता. बाजरीची आणि मक्याची, दोन्ही साथींची तऱ्हा मात्र सारखीच होती.

आपल्याकडे मात्र बाजरीच्या पाठोपाठ १९७२ चा अवर्षणाचा घाव आला. खान्देशातल्या वयस्कर माणसांना परदेशातून आलेली मिलो ज्वारी, वाटपातली सुकडी आणि खडी फोडायची कामं आठवतात. ओळीने दोन-तीन वर्षं पीक गेलेलं असताना महाराष्ट्रात बंगालसारखं का झालं नाही? कारण सरकारने कामं काढली. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. माणसाच्या हातात आठवड्याला मजुरी पडत होती, म्हणून बाहेरून येणारं धान्य त्याच्या घरापर्यंत पोचलं. हाल झाले, गुरं गेली, पोरांची वाढ खुंटली, यात शंका नाही. पण त्या कामांनी माणसं वाचवली, आणि त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

मग आज खान्देशात रोगाने दुष्काळ पडेल का? सरसकट तरी नाही. आपलं ताट आता आपल्या शिवारावर उभं नाही. गहू-तांदूळ रेशनवर येतो, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र माणसाला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क आहे. रावेर-यावलची केळी उद्या पूर्ण गेली तरी तिथलं घर भाकरीवाचून राहणार नाही. केळी युगांडात मात्र रोजचं जेवण आहे. २००१ पासून तिथे जिवाणूजन्य मर पसरली तेव्हा लोकांच्या ताटातलंच अन्न गेलं. तीच केळी, पण तिथे पोटाला लागली. आपल्याकडे लागली तर सोसायटीच्या कर्जाला लागेल.

म्हणून केळीबद्दल निर्धास्त राहा असं मी म्हणणार नाही. गेल्या शतकात ग्रो मिशेल ही निर्यातीची केळी पनामा मर रोगाने १९६० च्या आसपास बाजारातून गेली. तिच्या जागी आलेली कॅव्हेंडिश गटातली केळी, म्हणजे आपली बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन, ही सगळी जवळच्या नात्यातली आहे. पनामाची टीआर-४ ही जात या गटालाही मारते आणि ती बिहार, उत्तर प्रदेशात पोचलेली आहे. तिच्यावर फवारणी नाही, आणि मातीत ती दशकानुदशकं राहते. परप्रांतातून कंद आणणं, बाहेरच्या बागांत फिरून आलेले ट्रॅक्टर, अवजारं न धुता आपल्या बागेत घालणं, हे आजच बंद करायला हवं. ही बाग गेली तर पहिला फटका घड कापणाऱ्या, वाहणाऱ्या मजुरांना बसेल. मालकाकडे निदान जमीन तरी उरते.

गव्हाचं दुखणं वेगळं आहे. रेशनचा गहू उत्तरेतून येतो, म्हणजे आपली भाकरी आता पंजाब-हरियाणाच्या तांबेऱ्याशी बांधलेली आहे. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने २० लाख टनांच्या आसपास गहू बुडवला होता. उन्हाळ्यात आपल्या पठारावर हा काळा तांबेरा जगत नाही. तो निलगिरीच्या गार डोंगरांत टिकतो आणि नोव्हेंबरच्या चक्रीवादळी वाऱ्यांबरोबर उत्तरेकडे सरकतो. हे कळलं त्याच्या मुळाशी आग्र्याचे रोगशास्त्रज्ञ के. सी. मेहता यांचं काम आहे. महाबळेश्वरला आपल्या राहुरी विद्यापीठाचं गहू गेरवा (म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्र आहे. गव्हाच्या वाणाला कोणता तांबेरा लागतो ते तिथे पारखलं जातं. हे काम कुणाच्या नजरेत येत नाही, पण मोठी साथ वर्षानुवर्षं लांब राहते ती अशाच कामामुळे.

खरी काळजी मला सातपुड्याची वाटते. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अजून घरचा मका, घरची ज्वारी खाल्ली जाते. रेशनचं दुकान दूर, पावसाळ्यात रस्ता तुटतो. तिथे जुन्या पद्धतीत एका वावरात ज्वारी, मका, भगर, उडीद, चवळी एकत्र असतं, आणि ज्वारी-मक्याचेही घराघरांतले वाण वेगळे. रोग आला तरी सगळं एकदम जात नाही. ते वाण बायफ संस्थेने गावकऱ्यांसोबत धडगाव भागात जपले आहेत. तिथे जाऊन दुकानातलं एकच संकरित बियाणं सगळ्या पाड्यांना वाटणं म्हणजे लम्पर बटाट्याकडे परत जाणं आहे.

शिवाय रोगट धान्य फेकून द्यायची ऐपत नसते तिथे आणखी एक संकट येतं. १९७४ च्या अखेरीला आपल्या सीमेपलीकडे, बांसवाडा आणि पंचमहालच्या भिल्ल गावांत, अवकाळी पावसात भिजून बुरसलेला मका लोकांनी खाल्ला. दुसरं काही नव्हतं. त्यातल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने ३९७ माणसांना कावीळ झाली, १०६ मेली. कागदोपत्री हे भूकबळी नव्हते. मी त्यांना भूकबळीच म्हणतो.

तुमच्या मामांना या जूनसाठी सांगायचं ते असं. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून बाजरीचं बियाणं त्यात सोडा. वर तरंगेल ते काढून जाळा, अरगट या बुरशीरोगाच्या काळ्या गाठी त्यातच असतात. खाली बसलेलं बियाणं दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. मग किलोला सहा ग्रॅम मेटॅलॅक्झिल ३५ एसडी हे बुरशीनाशक चोळा, हातमोजे घालून. उरलेलं प्रक्रिया केलेलं बियाणं दळायला जाऊ देऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका. पेरणीनंतर तीन आठवड्यांत पहाटेच्या दोन फेऱ्या मारा, पिवळी रोपं मुळासकट उपटून जाळा किंवा खोल पुरा. आणि गावात सगळे एकाच कंपनीचं पाकीट घेत असतील तर मामांना दुसरं घ्यायला सांगा. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बाजरी संशोधनाचं केंद्र आहे, वाण तिथे विचारून घ्या.

गावासाठी करायचं काम मात्र याहून मोठं आहे. रोगाने पीक गेलं की तलाठी-कृषी सहायक पंचनामा करतात. त्यात सातबारावरचं नाव येतं. कापूस वेचणाऱ्या, बाजरी कापणाऱ्या बाईची मजुरी बुडाली त्याची नोंद कुठेच होत नाही, आणि आयर्लंडपासून बंगालपर्यंत आधी मेली ती हीच माणसं. तेव्हा ग्रामसभेत रोजगार हमीच्या कामांचा शेल्फ, म्हणजे तयार कामांची यादी, आधीच मंजूर करून ठेवायला लावा. रोगाचा पंचनामा ज्या आठवड्यात होईल त्याच आठवड्यात कामाची मागणी करणारा अर्ज मजुरांकडून भरून घ्या, आणि दिनांकासह पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठू नका.